शनिवारची बैठक : आपण राजकारण केव्हापासून बोलतो?

न्यू जर्सीतील पार्सिपनी येथे आमच्या घरी दर आठवड्याला एक बैठक भरते. हिवाळ्यात शब्बाथ लवकर संपतो, म्हणून हब्दाला झाला की शनिवारी संध्याकाळीच मंडळी जमतात. जून-जुलैत तारे दिसेपर्यंत नऊ वाजून जातात. वयस्क माणसांना रात्री गाडी चालवणे नको वाटते, म्हणून त्या दिवसांत बैठक रविवारी दुपारी होते. नाव मात्र ‘शनिवारची बैठक’ असेच राहिले आहे. आठ-दहा माणसे असतात. त्यांत आपले बेने इस्राएल तीन-चार आणि बाकीचे पुण्या-मुंबईचे, सातारा-कोल्हापूरचे मराठी शेजारी. विषय एकच, आठवड्याचे राजकारण आणि जगातले पैशाचे व्यवहार. व्याजाचे दर, तेलाचा भाव, रुपया, शेकेल, डॉलर, भारतातली निवडणूक, इस्राएलमधली निवडणूक (ती तर सारखीच चालू असते), इथली निवडणूक. चहा आणि पोहे आमच्याकडून. नियम थोडे आहेत. टीव्ही बंद. आकडा सांगेल त्याने तो कुठे वाचला हे सांगायचे. कोणी कोणाला मत दिले हे विचारायचे नाही.

मागच्या हिवाळ्यात सातारकडचे एक गृहस्थ चहा पिता पिता सहज बोलून गेले, “तुमचा समाज सज्जन, पण राजकारणापासून चार हात लांब. पोलीस, रेल्वे, पोस्ट, पलटण, शाळामास्तर. सभेत, चळवळीत तुमचा माणूस आम्ही पाहिला नाही. आणि आता इथे तुमच्याच घरी राजकारणाची बैठक! हे केव्हापासून?”

मनाला लागले, पण लगेच उत्तर सुचले नाही. कारण माझे आजोबाही हेच म्हणत. “सरकारी नोकरी आहे, तोंड संभाळून बोला,” हे वाक्य मी लहानपणी किती वेळा ऐकले त्याला गणती नाही. उत्तर शोधायला पुढचे कित्येक शनिवार गेले. जे हाती लागले ते आपल्या वाचकांपुढे ठेवतो.

आधी शनिवारचेच पाहू. कोकणात आपल्या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत हे सर्वांना ठाऊक आहे. घाणा शनिवारी बंद. शेजारपाजारच्या कुणब्याला, सुताराला, कोळ्याला आठवड्याचा असा ठरलेला सुट्टीचा वार नव्हता. त्यांना सण असत, जत्रा असे, अमावास्या असे. सात दिवसांनी हटकून येणारा मोकळा दिवस गावात फक्त आपल्या घरात होता. त्या दिवशी हात रिकामे आणि तोंड मोकळे. माणसे बसून काय बोलत असतील? तिळाचा भाव, पेंडीचा भाव, खोताचा जुलूम, पावसाची लक्षणे. याची लेखी नोंद कोणी ठेवली नाही, म्हणून मी जास्त काही म्हणत नाही. पण तेलाच्या भावाची चर्चा आपल्या घरात दर आठवड्याला होत होती, ह्याविषयी मला तरी शंका नाही. आमच्या बैठकीतही तेलाच्या भावाशिवाय शनिवार जात नाही. फक्त ते तेल निराळे.

मग आपले लोक मुंबईला आले आणि पलटणीत शिरले. सामाजी हसाजी दिवेकर हे पलटणीतलेच अधिकारी. त्यांनी १७९६ साली मांडवीला आपली पहिली मशीद बांधली, तेच शाआर हारहामीम. मस्जिद बंदर स्टेशनाचे नाव त्या मशिदीवरूनच पडले असे आपल्याकडे सांगतात. पलटणीत आपल्या लोकांनी नाव मिळवले, सुभेदार झाले, पदके घेतली, पेन्शनी घेतल्या. आता पलटणीतला माणूस राजकारण कसे बोलणार? आजोबांच्या “तोंड संभाळून बोला” ह्या वाक्याचे मूळ मला इथे दिसते. स्वभाव भित्रा होता असे नाही. पोटाचे साधन सरकारच्या हाती होते. पलटणीनंतर रेल्वे, पोस्ट, कस्टम, इस्पितळ, कारकुनी. शंभर वर्षे आपली भाकरी सरकारी तव्यावरच भाजली गेली. सातारकर गृहस्थांचे निरीक्षण चुकीचे नव्हते, त्यांनी कारण विचारात घेतले नव्हते एवढेच.

पण बाहेर बोलायचे नाही म्हणजे ऐकायचे नाही असे थोडेच आहे? त्या काळची मुंबई बोलक्या माणसांनी भरलेली होती. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली निघाले. त्याच साली स्कॉटिश मिशनचे डॉक्टर जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले, ते आपल्या लोकांसाठीच. म्हणजे मराठी वर्तमानपत्र आणि आपल्या हाती आलेले हिब्रू व्याकरण ही एकाच वर्षाची भावंडे. १८४९ मध्ये लोकहितवादींनी ‘लक्ष्मीज्ञान’ हे अर्थशास्त्रावरचे मराठी पुस्तक लिहिले. देशाची संपत्ती कशी वाढते, व्यापार का करावा, हे प्रश्न मराठीत येऊन पावणेदोनशे वर्षे झाली. “अर्थशास्त्र इंग्रजीतच बोलता येते” असे आमच्या बैठकीत एक तरुण म्हणाला होता, त्याला मी हे पुस्तक सांगितले. त्याला खरे वाटेना.

दर आठवड्याची जाहीर बैठक म्हणाल तर मला सर्वांत आवडते ती विष्णुबावा ब्रह्मचारी यांची. विष्णुबावा कुलाबा जिल्ह्याचे, आपल्याच मुलखातले. १८५७ च्या जानेवारीपासून त्यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी दर गुरुवारी मिशनऱ्यांशी उघडा वाद मांडला. पहिली सभा १५ जानेवारीची आणि शेवटची २८ मेची. दोन्हीही गुरुवारच. वीस आठवडे एक माणूस वाळूवर उभा राहतो, कोणीही प्रश्न विचारावा आणि त्याने उत्तर द्यावे! मे महिन्यात उत्तरेत बंडाची ठिणगी पडली आणि सरकारने त्या सभा थांबवल्या. तो वाद धर्माचा होता, पण विष्णुबावा तेवढ्यावर थांबले नाहीत. दहा वर्षांनी, १८६७ साली त्यांनी ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहिला. सगळी जमीन सर्वांची, पीक एका ठिकाणी साठवायचे आणि ज्याला जेवढे लागेल तेवढे त्याने न्यायचे, अशी त्यांची मांडणी. कार्ल मार्क्स यांच्या ‘कॅपिटल’चा पहिला खंड त्याच साली जर्मनीत छापला गेला. एकाला दुसऱ्याची वार्ताही नव्हती. किब्बुत्झमध्ये उमेदीची वर्षे काढलेले आपले एक बंधू बैठकीत हे ऐकून म्हणाले, “म्हणजे देगानियाच्या आधी चाळीस वर्षे कुलाब्यात किब्बुत्झ लिहिला गेला होता!” लिहिला गेला होता हे खरे. चालवला कोणी नाही.

आता आपल्या समाजाकडे येतो. १८५७ नंतर पलटणीची दारे हळूहळू बंद झाली आणि शिक्षणाची उघडली. हाईम शमुवेल केहीमकर यांनी १८७५ साली इस्राएली शाळा काढली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. १८८० साली कीर्तनोत्तेजक मंडळ निघाले. अब्राहाम, योसेफ यांची आख्याने मराठी कीर्तनाच्या चालीवर होऊ लागली. कीर्तनाला मी मुद्दाम धरतो, कारण पूर्वरंग-उत्तररंगाच्या मध्ये आणि प्रसाद वाटताना जी बोलाचाली होते तीच खरी बैठक. आपली नियतकालिकेही ह्याच सुमारास निघू लागली. वाचणारे तयार झाले की वाद घालणारे तयार होतात.

पहिला मोठा प्रश्न दारावर आला १८९७ साली. बाझेलला पहिली झायोनिस्ट काँग्रेस भरायची होती. तिचे बोलावणे मुंबईच्या आपल्या समाजाकडे आले. आपल्या वडीलधाऱ्यांनी विचार केला आणि नाही म्हटले. पवित्र भूमीत परत नेणे हे देवाचे काम आहे, ते देवाच्या हाताने होईल, असे त्यांचे म्हणणे होते. आज अश्दोद, लोद, बेअर शेवा, दिमोना येथे राहणाऱ्या आपल्या वाचकांना ह्याचे हसू येईल किंवा रागही येईल. मला त्यात राजकारण टाळणारी माणसे दिसत नाहीत. बोलावणे आले, त्यावर विचार झाला आणि कारण देऊन नकार दिला गेला. तो निर्णय तुम्हाला पटो न पटो.

दुसरा प्रसंग १९१६ चा, आणि सातारकर गृहस्थांना मी पहिल्यांदा हाच सांगितला. लोकमान्य टिळकांनी बेळगाव आणि अहमदनगर येथे स्वराज्यावर भाषणे केली. सरकारने त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेले आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी टिळक जिंकले. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे होते हे पुष्कळांना ठाऊक असते. जिनांच्या जोडीला जे वकील होते त्यांत डेव्हिड एरुलकर होते, आपला बेने इस्राएल बॅरिस्टर. त्यांचे भाऊ डॉक्टर अब्राहाम एरुलकर. गांधीजींच्या उपासात त्यांची प्रकृती पाहणारे डॉक्टर तेच. एक भाऊ टिळकांच्या खटल्यात आणि दुसरा गांधीजींच्या खाटेशेजारी. सातारकर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “हे शाळेत कोणी शिकवले नाही.” आपल्या मुलांनाही कोणी शिकवले नाही, त्यात सातारकरांचा काय दोष?

ह्याच एरुलकरांच्या काळात आपल्या समाजाचे दोन तट पडले, आणि तोच माझ्या मते आपल्या बैठकीच्या इतिहासातला सर्वांत रसाळ भाग. १९१७ साली मुंबईत बेने इस्राएल परिषद भरली. दुसऱ्याच वर्षी, १९१८ मध्ये, कराचीत ऑल इंडिया इस्राएलाइट लीग उभी राहिली. जेकब बी. इस्राएल आणि डेव्हिड एरुलकर ही लीगमधली मोठी नावे. ‘फ्रेंड ऑफ इस्राएल’ आणि ‘इस्राएलाइट’ ही पत्रे तेव्हाची. तो काळच तसा होता. माँटेग्यू साहेब भारतात येऊन गेले होते, नवे कायदेमंडळ येणार होते, आणि प्रत्येक समाज आपल्याला किती जागा मिळतील ह्याचा हिशेब करत होता. मूठभर समाजाने काय करावे? आपल्यापुरती वेगळी जागा मागावी, की सगळ्या देशाबरोबर चालावे? सरकारशी राजीखुशीने राहावे, की स्वराज्यवाल्यांच्या पंक्तीला बसावे? एकाच मशिदीत शेजारी बसून तेफिला म्हणणारी माणसे बाहेर आल्यावर ह्या प्रश्नावर दोन दिशांना जात. परिषद आणि लीग दोन्हीही पुढे थंडावल्या. काही जुनी माणसे म्हणत, भांडणाने समाज फुटला. मी म्हणतो, दहा-पंधरा हजारांच्या समाजात दोन राजकीय मते, दोन संस्था आणि दोन पत्रे असणे ही लाजेची गोष्ट नाही. लाजेची गोष्ट पुढची आहे. ती भांडणे आपण विसरलो आणि मुलांना सांगितले, “आपण राजकारणात नव्हतो.”

स्त्रियांचे काय? आमच्या सौ. ने हा प्रश्न विचारला आणि बैठकीतले पुरुष चहाच्या कपात पाहू लागले. रिबेका रूबेन यांचे नाव सर्व वाचकांना ठाऊक आहे. १९२२ पासून १९५० पर्यंत त्या आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि त्याआधी समाजाचे वार्षिक संपादित करत. कित्येक वाचक त्यांच्या हाताखाली शिकले असतील. पण मला आणखी एक म्हणायचे आहे. महायुद्धाच्या काळात रेशनकार्ड, रॉकेल, साखर, काळा बाजार हे अर्थशास्त्र घरात बाईलाच कळत होते. पुरुष वर्तमानपत्र वाचून दाखवत आणि बायका किंमत सांगत. आमच्या बैठकीत अजूनही महागाईचा खरा आकडा सौ.कडूनच येतो, दुकानाच्या पावतीसकट.

१९३७ साली डॉक्टर ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मी-वरळीकडचा डॉ. ई. मोझेस रोड आठवा. दुसऱ्याच वर्षी, २६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मध्ये गांधीजींचा ज्यूंवरचा लेख आला. जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा, आणि पॅलेस्टाइन अरबांचे आहे, असे त्यांनी लिहिले. मुंबईत त्या वेळी जर्मनीहून पळून आलेले ज्यू डॉक्टर राहत होते, त्यांच्या मदतीसाठी संस्था निघाली होती. ‘ज्यूइश अॅडव्होकेट’चे संपादक शोहेत यांनी गांधीजींना लेखी उत्तर दिले. आणि ज्या समाजाचा एक डॉक्टर गांधीजींची नाडी पाहत होता, त्या समाजाने त्या शनिवारी काय बोलावे? गांधीजींवरची श्रद्धा आणि रक्ताची माणसे, दोन्ही एकाच घरात. माझे वडील सांगत की आजोबांनी तो विषय निघाला की खोलीतून उठून जावे. उठून जाणे हेही एक मतच होते, असे मला आता वाटते.

तोंड संभाळून बोलण्याची सवय मोडली ती इस्राएलमध्ये. आलिया झाली तेव्हा भारतात सर्व मिळून सव्वीस हजारांच्या आसपास ज्यू होते, त्यांतले बहुतेक आपले. नव्या देशात पहिलीच वर्षे कठीण गेली. काम, घर आणि वागणूक ह्यांबद्दलच्या तक्रारींवरून १९५१ साली आपल्यातल्या काहींनी ज्यू एजन्सीपुढे धरणे धरले, आणि १९५२ मध्ये त्यांना विमानाने मुंबईला परत पाठवण्यात आले. त्यांतले पुष्कळ पुढे पुन्हा इस्राएलला आले. नंतर आला लग्नाचा प्रश्न. १९६१ मध्ये मुख्य रब्बाईंनी आपल्याशी लग्न करायला मोकळीक दिली, पण १९६२ च्या आदेशात आई, आजी, पणजी अशी वंशाची चौकशी करावी असे आले. ज्या समाजाने दोन हजार वर्षे शनिवारी घाणा बंद ठेवला, त्याला तू ज्यू आहेस का, असा प्रश्न! १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक जेरुसलेमला ज्यू एजन्सीसमोर बसले. बायका होत्या, मुले होती. पलटणीतल्या सुभेदारांची, रेल्वेतल्या कारकुनांची ती नातवंडे. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटची खास बैठक झाली. बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत, इतर ज्यूंसारखेच आहेत, असे पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने सांगितले आणि क्नेसेटने त्याला पाठिंबा दिला. त्यानंतर आदेशातून आपल्या समाजाचे नाव गेले.

हे मी बैठकीत सांगितले तेव्हा एका मराठी तरुणीने विचारले, “नेता कोण होता?” मी म्हणालो, नेते होते, पण नुसत्या नेत्यांनी एवढी माणसे उन्हात बसत नाहीत. त्याआधी कित्येक शनिवार कोणाच्या तरी शिकूनमध्ये, दोन खोल्यांच्या घरात, चहाबरोबर बोलणे झालेले असते. हे माझे अनुमान आहे, कागद नाही माझ्याकडे.

अमेरिकेतल्या भागाला मी फार जागा देत नाही. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या इमिग्रेशन कायद्यावर स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी सही केली आणि आमच्यासारख्यांना वाट मिळाली. १९६६ च्या जूनमध्ये रुपया डॉलरला पावणेपाचवरून साडेसातवर गेला, हे आमच्या पिढीच्या प्रत्येकाच्या खिशाने पाहिले. १९७३ चे योम किप्पूरचे युद्ध झाले, अरब देशांनी तेल अडवले आणि पुढच्या हिवाळ्यात न्यू जर्सीत गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम तारखांना पेट्रोल मिळू लागले. जगाचे अर्थशास्त्र पंपावरच्या रांगेत शिकायला मिळाले. आमच्या बैठकीतला एक आवडता वादही पैशाचाच आहे. इस्राएलहून मुलांकडे आलेले एक पाहुणे १९८४ ची महागाई सांगतात, चारशे टक्क्यांवर गेलेली, आणि १९८५ मध्ये हजार जुन्या शेकेलांचा एक नवा शेकेल कसा झाला ते. भारतवाले १९९१ सांगतात. जुलैत दोनदा रुपयाचे अवमूल्यन झाले आणि सत्तेचाळीस टनांच्या आसपास सोने लंडन आणि जपानच्या बँकांकडे गहाण गेले. कोणाची वेळ जास्त कठीण होती, ह्यावर तीन शनिवार गेले. पाहुणे म्हणतात, “तुम्ही सोने गहाण ठेवलेत, आमच्याकडे ठेवायला सोने नव्हते.” आणि १९९२ च्या जानेवारीत दोन्ही देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले ह्यावर सगळे एकदम खूश होतात. हा एकच विषय असा की त्यावर आमच्याकडे भांडण होत नाही.

पार्सिपनीतही बैठकीची जुनी जागा आहे, हे आम्हाला उशिरा कळले. गुस्ताव्ह स्टिकली नावाच्या फर्निचरवाल्याने १९०८ च्या सुमारास इथे मोठी जमीन घेतली आणि लाकडी ओंडक्यांचे घर बांधले. विद्यार्थी, कारागीर आणि पाहुणे यांनी एकत्र बसावे, म्हणून ते मुळात क्लबघर म्हणून काढलेले होते. त्याचा मनसुबा सफल झाला नाही, १९१५ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. घर आहे, आता तिथे म्युझियम आहे. गेल्या उन्हाळ्यात आमची सगळी बैठक ते पाहायला गेली. सातारकर गृहस्थांनी ती मोठी शेकोटी पाहिली आणि म्हणाले, “जागा चांगली होती. पोहे नव्हते.”

आता एक विनंती. १९६४ मध्ये जेरुसलेमला जे स्वतः बसले होते, किंवा ज्यांचे आईवडील बसले होते, त्यांनी आपल्या आठवणी मराठीत किंवा हिब्रूत ह्या अंकाकडे पाठवाव्यात. किती दिवस बसलात, जेवण कोण आणत होते, रात्री कुठे झोपलात आणि घरी निघण्याआधी काय बोलणे झाले होते, एवढे लिहिले तरी पुरे. आमच्याकडे त्या शनिवारांसाठी एक वही ठेवली आहे. तिची पाने अजून कोरी आहेत.